मदीनाचाची आन् हिरीतली मैना

लगीन होऊन मी ह्या गावात आले, त्याच्या तिसऱ्या दिशी हिरीतून एका बाईचं डोकं वर आलं. मी धुणं घिऊन गेले व्हते. डोक्याला पदर गच्च आवळलेला, दातात घागरीची दोरी धरलेली आन् डोळे नीट माझ्याकडं. म्या धुण्याची बादली तिथंच टाकली आन् घरापस्तोर पळत आले. सासूबाईला म्हणले, आत्याबाई, हिरीत बाई हाय. सासूबाई भाकर थापत व्हत्या. त्यांनी मान बी वर केली न्हाय. म्हणल्या, "मदीनाचाची असंल. तिला सांग, आपला बी तांब्या पडलाय आत, दिसला तर बघ."

मी तशी लहानपणापासनं भित्री. पालीला भिते, डॉक्टरला भिते, फोनवर नवा नंबर आला तर उचलत न्हाय. सातवीनंतर शाळा सुटली ती बी भ्यानंच, नदीवरचा पूल वलांडून जायचं व्हतं म्हणून. आमची आरू झाल्यावर तर काय इचारू नका. ती गप झोपली की मी नाकापुढं बोट धरून बघत्ये, आन् ती रडली की मला वाटतं आता काय झालं. अशी मी. पण चाचीनं टीव्हीतल्या मैनेला हिरीतून वर काढलं तवा त्या दोराला माझे बी हात व्हते, आन् ते सांगितल्याबिगर मला ऱ्हावत न्हाय.

आमचं गाव मुरुमच्या अलीकडं, रस्त्याला लागून. नळाला पाणी कवा येईल ते ग्रामपंचायतीला बी ठाव नसतं, म्हणून गल्लीच्या तोंडाला जी जुनी दगडी हिर हाय ती अजून चालू हाय. साठ फूट खोल. पायऱ्या न्हायत. काठावर दोन खांब, त्यावर आडवं लाकूड, लाकडाला लोखंडी कप्पी. धुणं, भांडी, जनावरं, सगळं तिच्यावर. आन् त्या हिरीत जे पडंल ते काढायचं काम मदीनाचाचीचं. नुसत्या आमच्या न्हाय, आसपासच्या सगळ्या गावांतल्या हिरीचं. मोटार, पाईप, हंडे, करडू, मोबाईल, एकदा तर एका नवरदेवाचा फेटा. तिच्या वडलाचं हेच काम व्हतं आन् त्याला मुलगा नव्हता.

दिसायला बुटकी. वय असंल सत्तावन-अठ्ठावन. चालताना उजवा गुडघा जरा वाकडा टाकायची. हात मातर असे की तिनं दंड धरला तर तिथं दिसभर खूण ऱ्हायची. नवरा पंक्चर काढायचा, तो जाऊन लई वर्षं झाली. एक लेक, ती नळदुर्गला दिलेली. घरात एकटीच, पण घर कधी रिकामं म्हणून दिसलं न्हाय. आमच्यासंगं मराठीत बोलायची आन् राग आला किंवा लाड आला की तिच्या बोलीत. मी पळून गेले त्याच दिशी सांजच्याला घरी आली, माझी टाकलेली बादली घिऊन, धुणं पिळून आणलेलं. म्हणली, "क्या गे, डर गई? डरको पळाली ते पळाली, साबण तरी न्यायची. कावळ्यानं नेला की."

तिच्या कामाचे तीन नेम व्हते. पयला, उतरायच्या आधी दोरीला दिवा बांधून खाली सोडायचा. दिवा इझला तर माणूस जायचं न्हाय, मग आत सोन्याची मूर्ती का पडलेली असंना. दुसरा, माणूस आत हाय तोवर कप्पीला लाल फडकं बांधायचं. ते फडकं असलं की कुणी बादली सोडायची न्हाय, पाणी भरायचं न्हाय, काठावर धुणं आपटायचं न्हाय. गल्लीतल्या बारक्या लेकराला बी हे ठाव. आन् तिसरा नेम लई इचित्र व्हता. दोर धरणाऱ्यांनी सारखं बोलत ऱ्हायचं. काय बी बोला, पण गप बसायचं न्हाय. घटकाभर कुणी गप बसलं की खालनं आवाज यायचा, "मेले काय गे सगळे?"

हे मला कळलं ते आरूच्या वाळ्यामुळं. आरू सहा म्हैन्यांची व्हती, कडेवर घिऊन मी काठाशी उभी, आन् तिनं पाय झाडला तसा चांदीचा वाळा निघून आत. मी रडायलाच लागले, कारण वाळा माझ्या आईनं दिलेला. चाची आली, दिवा सोडला, फडकं बांधलं, आन् दोर माझ्या हातात दिला. मी म्हणले, "चाची, माझ्यानं व्हायचं न्हाय. मी सोडून दिला तर?"

"खांबाला दोन येढे दिलेत. तू सोडलास तरी मी पडत न्हाय. पण तू सोडायची न्हायस."

"आन् बोलू काय?"

"तुला काय येतंय ते."

मला काय येतंय. काय सुचंना, म्हणून मी पाढे म्हणायला लागले. बे एके बे. आमच्या शेजारच्या शांताक्का दोराला माझ्या मागं उभ्या, त्या हसून हसून खाली बसायच्या ऱ्हायल्या. मी आपली डोळे मिटून सतरापस्तोर गेले. सतराचा पाढा मला कधीच येत नव्हता, तिथं चुकले, तर साठ फुटावरनं आवाज आला, "सतरा पाचे पंच्याऐंशी." वाळा घिऊन वर आली तवा म्हणली, "अठरा येत न्हाय का? मला उगंच वाट बघाय लावली."

ती खालच्या वस्तूला कधी 'पडली' म्हणायची न्हाय. 'उतरली' म्हणायची. शांताक्काचा हंडा उतरलाय, पाटलाची मोटार उतरलीय. उतरलेलं वर येतंच, असं तिचं म्हणणं.

आता टीव्हीवरच्या शिरेलचं सांगते. मुरुमला बालाजी म्हणून एक जण केबल चालवायचा. लग्नाची शूटिंग करायचा आन् केबलवर गावातल्या जत्रा, वाढदिवस, साड्यांच्या दुकानाची जाहिरात असलं दाखवायचा. त्याच्या वडलानं पूर्वी गावोगाव पडदा लावून जुने सिनेमे दाखवलेले. त्यात म्हणं असं असायचं, दर आठवड्याला एक तुकडा, आन् तुकडा संपताना हिरो मरायला टेकलेला. पुढं काय झालं ते बघायला माणसं आठ दिस तळमळायची. बालाजीच्या डोक्यात ते बसलेलं. त्यानं केबलवर तसंच काढलं, नाव 'सात कुलपं'. मैना नावाची पोरगी, तिच्या बापाला काळ्या सुभेदारानं कोंडलेलं, आन् त्या तळघराला सात कुलपं. दर येळी एक किल्ली सापडायची आन् किल्ली घेता घेता मैना मरायला टेकायची. मग बालाजीचाच आवाज, "मैना वाचेल का? पुढच्या ऐतवारी, अकरा वाजता."

मैना झाली व्हती उमरग्याच्या कॉलेजातली निकिता. नाकीडोळी गोड, बोलायला चुणचुणीत, पण चिंचेच्या झाडावर चढ म्हणलं की ती बालाजीला म्हणायची, तूच चढ. काळा सुभेदार म्हणजे मुरुमचे मेडिकल दुकानवाले काका, काळी चादर पांघरून. आन् निकिता जे करत न्हाय ते सगळं मदीनाचाची करायची. निकिताचा पिवळा पंजाबी ड्रेस, खोटी येणी, आन् क्यामेरा पाठीमागनं. चालत्या ट्रॉलीवरनं उडी मारली ती चाचीनं. गढीच्या भिंतीवरनं लोंबली ती चाची. बालाजीनं सांगितलेलं, कुणाला सांगायचं न्हाय. सांगायची गरजच नव्हती. ऐतवारी अकराला सगळी गल्ली शांताक्काच्या घरी, तिथला टीव्ही मोठा म्हणून. मैना पुढनं दिसली की सगळे गप, आन् पाठमोरी पळायला लागली की शांताक्का म्हणायच्या, "बघा, पोरीला पळता पळता गुडघेदुखी सुरू झाली."

चाची दाराशी उभी राहून बघायची. "हसा. तुमी पळून दाखवा त्या ड्रेसात. काखंत काचतोय."

"चाची, येणी तरी नीट लावायची. मागच्या येळी उजवीकडं व्हती, आता डावीकडं."

"वारं व्हतं गे."

मला ते दिस लई आवडायचे. मी मैनेसाठी आठ दिस खरंच भ्यायचे. मला ठाव व्हतं ती चाची हाय, ती समोर दाराशी उभी हाय, हातात चहाची कपबशी हाय, तरी मैना लोंबायला लागली की मी आरूला इतकं आवळायचे की ती रडायची.

सातवा भाग आमच्याच हिरीवर झाला. सातवी किल्ली हिरीच्या तळाला. चाचीनं नेमानं दिवा सोडला, फडकं बांधलं, उतरली. सुभेदारकाकानं वरनं दोर कापला, म्हणजे कापल्यासारखं केलं, आन् खालून काढलेल्या फोटोत वर गोल आभाळ तेवढं दिसायलं. "मैना वाचेल का?"

पुढच्या ऐतवारी अकराला आमी सगळे बसलो. टीव्हीवर बँडपथक लागलं. साडेअकरापस्तोर बँडच. शांताक्काच्या लेकानं बालाजीला फोन लावला. निकिताचं लगीन जमलं व्हतं, सासरच्यांनी शिरेलला न्हाय म्हणलं. आन् केबल बी म्हैन्याच्या शेवटी बंद व्हणार व्हती, सगळे मोबाईलवर बघायलेत, वायर कशाला वढायची. शिरेल संपली म्हणून सांगा म्हणला.

सगळे उठले. कुणी म्हणलं जाऊ द्या, कुणी म्हणलं लग्नाची तारीख काय. चाची दाराशीच उभी. तिनं इचारलं, "मग मैना?"

"मैना काय?"

"ती आत हाय की."

सगळ्यांना वाटलं थट्टा करायलीय.

दुसऱ्या दिशी सकाळी मी पाण्याला गेले तर कप्पीला लाल फडकं बांधलेलं. मी तशीच परत आले. थोड्या येळानं शांताक्का गेल्या, त्या बी परत. मग सगळ्या मिळून चाचीच्या दारात. शांताक्का म्हणल्या, "चाची, कोण हाय आत?"

"मैना."

"अवं, टीव्हीतली बाई ती. तिला पाणी लागत न्हाय, आमाला लागतंय."

"तर भरा. म्या कुणाचा हात धरलाय? फडकं दिसतंय, तरी बादली सोडायची ती सोडा."

आता तिथं बारा-तेरा बाया व्हत्या आन् प्रत्येकीच्या घरात चाचीनं वर काढलेली एकतरी वस्तू व्हती. फडकं असताना बादली सोडायची म्हणजे काय, ते प्रत्येकीला ठाव. खालच्या माणसाच्या डोक्यात बादली. आत कुणी न्हाय हे बी ठाव. तरी एकीचा बी हात कप्पीला गेला न्हाय. आमी बडबडत, तिला नावं ठेवत, शाळंपाशी हातपंपावर गेलो. हातपंप लांब, आन् उनाळा तोंडावर. अकरा दिस आमी तिथनं पाणी आणलं. माझे दंड भरून आले. घरी आमचे हे म्हणले, एका म्हातारीपायी सगळी गल्ली येडी झाली. म्या म्हणले, तुमी जाऊन सोडा की फडकं. ते बी गेले न्हायत.

दहाव्या दिशी मी भाकर द्यायला गेले तवा धीर करून इचारलं, "चाची, का म्हणून असं?" ती हिरीतलं काढायच्या गळाच्या आकड्याला तेल लावत बसली व्हती. तेल लावता लावताच सांगितलं. ती तेरा वर्षांची असताना वडलाला ताप भरला, आन् सोनारीकडं एका मळ्यात मोटार काढायला तिला पाठवलं. सहा गडी दोर धरून. ही तळाला गेली आन् वर आग्या मोहळ उठलं. गडी दोर टाकून पळाले. दोर हिच्या अंगावर. हाक मारली, कुणी न्हाय. सकाळचं ते पार दिस कलंपस्तोर ती एका कपारीवर बसून, शेजारी एक कासव.

"मी त्याला येतील तेवढी गाणी म्हणून दाखवली," चाची म्हणली. "अंधाराचं भ्या वाटलं न्हाय गं. पाण्याचं बी न्हाय. वर कोण हाय का न्हाय तेच कळंना, त्याचं भ्या. कुणी नुसतं खोकललं असतं तरी चाललं असतं." मग आकडा फडक्यानं पुसला. "त्या दिशी ठरवलं, कुणी खाली असंल तर त्याला टाकून जायचं न्हाय. खोटी असली म्हणून काय झालं. आठ-आठ दिस तिच्यासाठी जीव टाकला न तुमी?"

भ्या म्हणजे काय ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. मी घरी गेले आन् आमच्या ह्यांना म्हणले, उद्या मी चाचीसंगं मुरुमला जाणार. लगीन झाल्यापासनं मी कुठं एकटी गेले नव्हते.

बालाजीच्या दुकानात वायरीचे वेटोळे पडलेले, निम्मं सामान बांधलेलं. तो चाचीला बघून उठलाच. "चाची, तुमी? बसा की."

"बसायला न्हाय आले. मैनेला वर कवा काढतोस?"

"अवं चाची, निकिता न्हाय, लोकं न्हायत, एकच ऐतवार ऱ्हायलाय. झालं ते झालं."

"तुझ्या बापानं पडदा लावला आन् शेवटचा तुकडा न दाखवता गाव सोडलं, असं कधी केलं व्हतं?"

बालाजीचा चेहरा उतरला. वायर गुंडाळत म्हणला, "न्हाय. एकदा शेवटचं रीळ जळालं तर त्यांनी पडद्यापुढं उभं राहून तोंडानं सांगितलं व्हतं."

"मग?"

"पण निकिताचा चेहरा कुठनं आणू? पाठ तुमची चालती. वर आल्यावर पुढनं दाखवाय लागंल न."

चाचीला बी ते पटलं. पटलं पण हालली न्हाय. म्हणली, हिरीवर चल, तिथं बघू. मोटरसायकलवर मागं चाची, तिच्या मागं आरूला घिऊन मी. मी सगळ्या रस्त्यानं डोळे मिटलेले.

हिरीवर बाया जमल्या. बालाजी काठावर बसून डोकं खाजवायला. चेहऱ्याचं काय. तोंडावर वढणी घ्यावी का, अंधारात दाखवावं का. तवा शांताक्का, ज्या अकरा दिस चाचीच्या नावानं बोटं मोडत व्हत्या, त्या म्हणल्या, "म्हातारी होऊन वर येऊ दे की."

"म्हंजे?"

"अरं, किती दिस झाले तिला आत. सातवी किल्ली हुडकता हुडकता चाळीस वर्षं गेली म्हण. मी सासरी आले तवा माझे दोन वर्षांत केस पिकले, ही तर हिरीत बसलीय."

बालाजी उठून उभा ऱ्हायला. चाचीनं हळूच येणीपाशी हात नेला, तिथं खोटी येणी नव्हती, तिचीच व्हती, पांढरी. "मला चेहरा हाय," ती म्हणली. "जरा जुना हाय."

शुक्रवारी सकाळी शूटिंग. बालाजी म्हणला, चाची, दोन हात खाली कपारीवर बसा, आमी तिथनं वर घेतो, टीव्हीत काय कळत न्हाय. चाची म्हणली न्हाय. "ती तळाला हाय. तळापासनं यायची."

दिवा सोडला. दिवा जळत ऱ्हायला. पिवळा ड्रेस घालून ती उतरली. दोराला आठ बाया, खांबाजवळ मी, माझ्यामागं शांताक्का. आरू पलीकडं पिंपळाच्या पारावर सासूबाईपाशी. बालाजी म्हणला, आता सगळे शांत, आवाज जाईल. आतनं चाची वरडली, "शांत कोण बसतंय बघते. बोला गे." बालाजीनं हात जोडले आन् क्यामेरा चालू केला.

आमी वढायला लागलो आन् बोलायला लागलो. कुणी लोणच्याचं, कुणी सुनंचं, कुणी लाईट बिलाचं. मी पाढे. दोर हातात जळायला, आन् चाचीचं वजन येगळंच, ओला ड्रेस, त्यात ती वरनं एक हात सोडून क्यामेऱ्याकडं किल्ली दाखवायली. निम्म्यात आलो असू आन् पारावरनं आरूचा आवाज आला. साधं रडणं न्हाय, किंचाळी. मला दिसलं, सासूबाई उठायल्यात आन् आरू पारावर न्हाय. खाली पडलेली. पाय वळले. हात सैल पडले असतील, कारण दोर हातभर सरकला आन् शांताक्काचा आवाज कानात आला, "शीतल. धर."

म्या धरला. डोळ्यातनं पाणी, नाकातनं पाणी, आरू तिकडं रडायली आन् मी बारा एके बारा, बारा दुणे चोवीस. खालनं चाचीनं इचारलं, "लेकरू का रडायलं गे?" मी वरडून सांगितलं, पडली. "रडती तोवर भ्यायचं न्हाय," ती आतनं म्हणली, "वढ." मी वढलं. तेवढ्यात सासूबाईनं आरूला उचललेलं दिसलं, ढोपर सोललेलं, बाकी काय न्हाय. मी चोवीसवरच अडकलेली, तेच तेच म्हणायली.

चाचीचं डोकं काठावर आलं. पांढरे केस मोकळे, तोंडाला शेवाळ, तोंडात किल्ली. बालाजीनं तिला वाक्य दिलेलं व्हतं, 'काळ्या सुभेदारा, आता तुझी गाठ माझ्याशी हाय.' ती काठावर बसली, किल्ली हातात घेतली, क्यामेऱ्याकडं बघितलंच न्हाय. आमच्याकडं बघून म्हणली, "हात दाखवा." एकेकीचे हात उलटून बघितले. माझे जरा जास्त येळ बघितले. "जा, लेकरू घे आधी." हे सगळं शिरेलमधी हाय. बालाजीनं काय बी कापलं न्हाय.

मग सुभेदार यायचा व्हता. मेडिकलवाले काका दाढीला पावडर लावून आले, कारण चाळीस वर्षांत तो बी म्हातारा झालेला. तलवार उपसून उभे. मैनेनं त्यांच्याकडं वरपासनं खालपस्तोर बघितलं, उठली, कप्पीचं फडकं सोडलं, आन् बादली काकांच्या हातात दिली. "पाणी वढ. ह्या बाया अकरा दिस हातपंपावर जायल्यात." हे लिहिलेलं नव्हतं. काका गोंधळले, बालाजीकडं बघितलं, बालाजीनं मान हलवली. काकांनी तलवार ठेवली आन् वढायला लागले. एक बादली, दोन बादल्या. बायांनी हंडे पुढं सरकवले. पंधरा हंडे भरले काकांनी. चादर काढून ठेवली निम्म्यात. कोंडलेला बाप ऱ्हायलाच व्हता, तर शेवटी बालाजीनं किल्लीचा आवाज टाकला आन् दार उघडताना दाखवलं.

ऐतवारी अकराला शांताक्काच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. बाहेरच्या गल्लीतले खिडकीला. मेडिकलवाले काका बी सहकुटुंब. टीव्हीवर आधी नुसता काळा गोल, आन् खोल आतनं आमचा आवाज, लोणचं, सून, लाईट बिल, बारा दुणे चोवीस. कुणी हसलं न्हाय. मला तर ती आमीच हाय असं वाटंना. कुणीतरी लई बाया, लई वरनं, कुणासाठी तरी बोलत बसल्यात असं वाटलं. मग पांढरं डोकं वर आलं आन् घरातले सगळे एकदम उठून उभे ऱ्हायले. म्हातारे बी उठले. टाळ्या वाजायल्या, शांताक्का पदरानं डोळे पुसायल्या आन् बाजूच्याला सांगायल्या, हे म्या सुचवलं.

चाची दाराशी. टीव्हीकडं बारीक डोळे करून बघत म्हणली, "दोर जरा डावीकडं जायलाय. खांब हलतोय, बघाय पायजे."

बालाजीच्या आवाजात शेवटचं आलं, "मैना वाचली." त्यानंतर पडदा निळा झाला तो निळाच. केबल बंद. चाचीनं कपबशी खाली ठेवली, म्हणली, "चला. आता आत कुणी न्हाय," आन् घरी गेली.

त्या साली पावसाळ्यात तिचा गुडघा लईच धरला, आन् लेकीनं नळदुर्गला नेलं. जाताना गळ आन् दोर शांताक्काकडं दिला, मला न्हाय. मला बरंच वाटलं.

परवा मी आरूला डोस द्यायला मुरुमला गेले, एकटीच, एसटीनं. स्टँडवर नळदुर्गच्या गाडीत खिडकीला चाची दिसली. जरा वाळलेली, चश्मा लागलेला. मी पळत गेले. खिडकीतनंच आरूचा गाल धरला, म्हणली, "किती पाढे झाले हिचे?" मी म्हणले, चाची, अजून तीन वर्षांची हाय. "मग काय, तू ह्या वयात बी सतराला अडकतीस."

गाडीत कंडक्टर बाई तिकीट करत आली. नवी पोरगी, खाकी ड्रेस, गळ्यात मशीन. चाचीपाशी आली आन् थांबली. चेहरा बघायली. चाचीनं आधारकार्ड पुढं केलं, ते तिनं घेतलंच न्हाय.

"मावशी," ती म्हणली, "तुमी मैना न? मी माहेराला मुरुमला व्हते तवा. आमच्या घरी सगळे उभे ऱ्हायलो व्हतो."

मागच्या सीटवरच्या दोन बाया वाकून बघायला लागल्या. एकीनं इचारलं, कोण गं. कंडक्टर म्हणली, "ती हिरीतली. वर आली न, ती."

चाचीनं पदर सारखा केला, चश्मा काढून पुसला, परत घातला. आरसा नव्हता म्हणून खिडकीच्या काचंत बघितलं. मग त्या पोरीकडं वळून, अगदी सरळ बसून म्हणली, "व्हय. मीच आले."

गाडी सुटली.